वाहन आपोआप पडत नाही

३ नोव्हेंबर, बुधवार. संध्या. ७.१०

गाडी आली!

तेवीस दिवस वस्तादच्या गॅरेजमध्ये होती. मागचे शॉकअप आखूड, पुढचे फोर्क वर सरकवून बसवलेले, सीटचा फोम कापलेला, हँडल रुंद. गाडी एकूण सव्वादोन इंच खाली बसली आहे. पंचवीस वर्षांची जुनी मोटरसायकल, पण आता दबा धरून बसलेल्या बोक्यासारखी दिसते.

नोंद करून ठेवतो : हे सगळं फक्त लुकसाठी केलं आहे. माझ्या उंचीशी याचा काडीचा संबंध नाही.

निघताना वस्तादने मोडता घातलाच. म्हणाला, साहेब, गाडी खाली आली पण साइड स्टँड होता तेवढाच राहिला. स्टँड आता लांब पडतो, गाडी डावीकडे पुरेशी झुकत नाही, ताठ उभी राहते. जरा धक्का लागला की उजवीकडे जाईल. स्टँड दीड इंच कापून वेल्डिंग करून देतो. मी साफ नाही म्हटलं. स्टँड ओरिजिनल आहे. शिवाय कापलेला स्टँड बघून कुणीही शहाणा विचारणार, गाडी खाली का आणली? मेन स्टँड तर त्याने आधीच काढून टाकला, स्पीडब्रेकरला घासतो म्हणे.

गाडी ताठ उभी राहते, ही काय तक्रार झाली? मीसुद्धा ताठच उभा राहतो.

संकल्प : २८ तारखेला आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं होतात. हिला मागे बसवून तळ्यापर्यंत न्यायचं. लग्नानंतर पहिल्यांदा याच गाडीवर नेलं होतं. आणि हे सगळं साडूच्या डोळ्यांदेखत करायचं. तोपर्यंत गाडी चालवायची नाही. ऑफिस चालत दहा मिनिटांवर आहे.

४ नोव्हेंबर. सकाळी

साडूचा विषय एकदाच लिहून टाकतो, म्हणजे डोक्यातून जाईल.

मागच्या वर्षी. सिग्नल. चढ. ही मागे बसलेली. मी डावा पाय खाली टेकवला आणि रस्ता जिथे असायला हवा होता तिथे नव्हता. रस्ता खोल होता. आम्ही दोघं आडवे. मागच्याच गाडीत साडू. उतरला, एका हाताने मोटरसायकल उचलली (सहा फूट दोन इंचांच्या माणसाला त्यात काय कौतुक) आणि सगळ्या सिग्नलला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, पाय टेकत नाहीत का हो?

हिचं मनगट सहा आठवडे प्लास्टरमध्ये होतं. ही मला एका शब्दाने बोलली नाही. प्लास्टर निघालं त्या दिवशी जाऊन बसचा पास काढून आली. वर्ष झालं, गाडीवर बसलेली नाही. विचारलं की म्हणते, बस बरी पडते.

त्या माणसाचं उट्टं काढल्याशिवाय मी राहणार नाही.

विषय डोक्यातून गेला नाही.

५ नोव्हेंबर. सकाळी ७.३०

घात!

खाली गेलो तर गाडी उजव्या कुशीवर आडवी. खाली तीन कुंड्यांचा चुरा. आरसा वाकडा. कुणीतरी ढकलली आहे.

मी बावीस वर्षं विमा कंपनीच्या वाहन दावे विभागात आहे. रोज कुणी ना कुणी लिहून देतो, गाडी उभी होती, आपोआप पडली. माझ्या टेबलावर एक शिक्का आहे, खास माझ्या सांगण्यावरून बनवलेला : ‘वाहन आपोआप पडत नाही. दावा नामंजूर.’ हजारो वेळा मारला असेल. तेव्हा मला कुणी शिकवू नये.

७.५० — संशयित सापडला. कुंड्या ज्याच्या, तो.

तळमजल्यावरचा शेजारी. आयुष्यभर बांधकामांवर फरशा बसवून घेतल्या, आता निवृत्त. खिशात कायम ती लेव्हलची पट्टी, काचेच्या नळीत बुडबुडा असलेली. जिन्याच्या पायरीवर ठेवतो, लिफ्टमध्ये ठेवतो, एकदा आमच्याकडे चहाला आला तेव्हा टीपॉयवर ठेवली आणि मान हलवली. मी त्याला बुडबुडा म्हणतो. ही त्याला काका म्हणते.

स्वतःच्या तीन कुंड्या फुटल्या तरी हा माणूस माझ्याकडे तक्रारीला आला नाही. निर्दोष माणूस असा गप्प बसेल का? अनुभव सांगतो, जो ओरडत नाही त्याचीच फाइल आधी उघडावी.

हेतू : मागच्या पावसाळ्यात मी त्याच्या कुंड्या पार्किंगमधून हलवा म्हणून सोसायटीला पत्र दिलं होतं. डाव धरून बसला आहे.

६ नोव्हेंबर

पुन्हा पडली. दिवसाढवळ्या, मी ऑफिसात असताना.

संध्याकाळी बुडबुडा पट्टी घेऊन गाडीजवळ बसलेला रंगेहाथ सापडला. म्हणाला, साहेब, गाडी जेमतेम चार अंश झुकते, निदान दहा तरी हवेत. मी म्हटलं, माझ्या गाडीचे अंश तुम्ही मोजायचे कारण नाही. त्याने पट्टी खिशात घातली आणि बरं म्हणाला. बरं! केवढा हा उद्धटपणा.

आजपासून त्याच्याशी बोलणं बंद. हिलाही सांगितलं, घरात स्टँड या विषयावर कुणी अवाक्षर काढायचं नाही. ही भाजी निवडत होती. बरं म्हणाली.

दोघं एकाच शाळेतले दिसतात.

७ नोव्हेंबर, रविवार. सकाळी

सूड, पहिला हप्ता. बुडबुड्याचा पेपर त्याच्या दाराबाहेरून उचलला, शब्दकोडं पेनने चुकीचं भरलं, घडी घालून परत ठेवला. उभे शब्द सगळे निरर्थक भरले.

दुपारी — हिने सांगितलं, काका शब्दकोडं सोडवत नाहीत. ते पान कापून ते मलाच देतात, आजचं कुणा गाढवाने भरून ठेवलं होतं.

मी पेन ड्रॉवरमध्ये टाकलं.

८ नोव्हेंबर

सूड, दुसरा हप्ता. पार्किंगमधल्या त्याच्या सायकलच्या दोन्ही चाकांतली हवा सोडली. आत्मा शांत झाला.

संध्या. ७ — ही घामाघूम होऊन आली. बसस्टॉपपर्यंत रोज काकांची सायकल घेऊन जाते म्हणे. आज चाकांत हवा नव्हती, चालत गेली, बस चुकली, दुसरी अर्ध्या तासाने आली. कोण मेले असले उद्योग करतात, म्हणाली.

मी म्हटलं, बिल्डिंगमध्ये वाईट प्रवृत्ती आहेत, मी केव्हापासून सांगतोय.

९ नोव्हेंबर. सकाळी ६.४५

शास्त्रीय तपास सुरू. गाडीभोवती खडूची पूड पसरली. जो कोणी जवळ जाईल त्याचे ठसे उमटतील.

संध्या. ६.३० — गाडी आडवी. पुडीत ठसे! फोटो काढले, मापं घेतली. सपाता, उजवी टाच बाहेरून झिजलेली, अंगठ्यापाशी भोक. वर येऊन घरातल्या चपलांशी ताडून पाहिले.

ठसे माझ्या सपातांचे आहेत.

म्हणजे तो माझ्या सपाता घालून आला होता. किती खालच्या थराला जातो माणूस! आजपासून सपाता कपाटात, कुलपात.

१० नोव्हेंबर

गाडी उचलताना कमरेत उसण भरली. सहा दिवसांत पाचव्यांदा उचलली. साडूने एका हाताने उचलली होती, हे आठवून जास्त दुखलं.

हिने गरम पाण्याची पिशवी आणून दिली. दार लावताना तिने विचारलं, अठ्ठावीसला नक्की जायचंय ना? मी म्हटलं, म्हणजे काय! ही परत आत आली, पिशवी कमरेखाली नीट सरकवली. मग म्हणाली, कमर सांभाळा तोवर.

तिचा माझ्यावर विश्वास नाही की काय? हे त्या बुडबुड्याने केलं आहे. पट्टी लावून लावून माणसाच्या मनात शंका घालतो.

११ नोव्हेंबर. सकाळी

आता पुरावा. जुना मोबाइल रेकॉर्डिंग लावून मीटरच्या कपाटात ठेवला, फटीतून गाडीवर नेम धरून.

संध्या. — रेकॉर्डिंग पाहिलं. कपाटाचं दार आतून कसं दिसतं हे मला आता सविस्तर माहीत आहे.

१२ नोव्हेंबर. संध्या. ७

आज मोबाइल कपाटाच्या वर, बाहेर ठेवला. फाइल मिळाली. चाळीस मिनिटांनी मेमरी भरून रेकॉर्डिंग बंद पडलं आहे (साडू रोज सकाळी फुलं उमलतानाचे व्हिडिओ पाठवतो, तेही माझ्याविरुद्धच वापरले गेले).

पहिली पाच मिनिटं पाहिली. रिकामं पार्किंग. एक मांजर आलं, बसलं, गेलं. पुढचं पाहिलं नाही. गरज नाही. बावीस वर्षं दावे तपासतोय, पहिल्या पानावरून पूर्ण फाइल कळते.

महत्त्वाचं : आज गाडी उभी आहे!

१५ नोव्हेंबर

तीन दिवस झाले. गाडी उभी. डावीकडे किती सुंदर झुकली आहे! डौलात, कोपर टेकून गप्पा मारायला बसल्यासारखी.

शत्रूने नांगी टाकली. कॅमेऱ्याची दहशत, दुसरं काय. सकाळी बुडबुडा जिन्यात भेटला, माझ्याकडे बघून हसला. हरलेल्या माणसाचं ओशाळं हसू मी ओळखतो. मी हसलो नाही.

वस्तादला फोन करून सांगितलं, बघ, तुझा दीड इंच कुठे गेला? त्याने आधी गाडी कुठे उभी आहे ते विचारलं. मग म्हणाला, जमीन उताराची असेल साहेब. जळतो.

१७ नोव्हेंबर

साडूला आमंत्रण दिलं. अठ्ठावीसला सकाळी दहाला सहकुटुंब या, आम्हाला निरोप द्यायला. साडू म्हणाला, मोटरसायकलवर? तुम्ही? मग हसू दाबल्याचा आवाज आला. हसून घे म्हणावं.

ही आरशासमोर स्कार्फ बांधून बघत होती. मी आलो तसा सोडून ठेवला.

२० नोव्हेंबर. संध्या. ६.१५

भयंकर शोध.

गाडी पुसताना किल्ली खाली पडली. उचलायला वाकलो तर काय दिसावं! साइड स्टँडचा पाय जिथे टेकतो तिथला पेव्हर ब्लॉक बाकीच्यांपेक्षा खाली गेलेला. पट्टीने मोजलं, बरोबर दीड इंच. कडा स्वच्छ कापलेल्या, भोवती बारीक रेती भरलेली. हे काम एका सराईत हाताचं आहे.

खड्डा! माझ्या गाडीच्या पायाखाली खड्डा! गाडी एवढी झुकते ती त्यामुळेच. कसला डौल आणि कसलं काय, तिला हळूहळू गाडायचा बेत आहे. आठवडाभर हा माणूस माझ्याकडे बघून हसत होता, आणि मी समजत होतो तो हरला.

दात-ओठ खाऊन वर आलो. हिला सांगितलं, मी उद्या त्याचा बंदोबस्त करतोय. हिच्या हातातला चमचा खाली पडला. म्हणाली, अहो, असू दे ना तो खड्डा, अठ्ठावीसपर्यंत तरी असू दे. काय त्रास देतोय तो?

भोळी आहे.

२१ नोव्हेंबर, रविवार. दुपारी १

खड्डा बुजवला. स्वतः. साधंसुधं नाही, उत्तम सिमेंट, बारीक खडी, प्रमाण चोख. थापीने घोटून सपाट केलं. शंभर वर्षं हलणार नाही. कडेला बोटाने तारीख लिहिली, म्हणजे इतिहासाला कळावं.

बुडबुडा खिडकीतून बघत होता. एकदा बाहेर आला, काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मी थापी उगारली. तो मागे फिरला.

सिमेंट पक्कं होईपर्यंत गाडी वस्तादकडे सर्व्हिसिंगला. मी रोज तीन वेळा पाणी मारणार.

२४ नोव्हेंबर

पाणी मारलं. ×३.

ही दोन दिवस फारशी बोलत नाही. दमली असेल.

२७ नोव्हेंबर. संध्या.

गाडी उद्या सकाळी वस्ताद स्वतः आणून देणार आहे. फोनवर पुन्हा तेच, स्टँड फुकट कापून देतो म्हणाला. माणसाचा हट्ट असतो एकेकाचा.

उद्याचा कार्यक्रम : ९.४५ गाडी जागेवर. १०.०० साडू. १०.०५ मी दोन्ही पाय सपाट टेकवून बसणार. साडू बघणार. १०.०६ ही मागे. १०.०७ प्रस्थान. साडूचं तोंड कसं होतं ते आरशात बघायचं, म्हणून आरसा सरळ करून घेतला आहे.

२८ नोव्हेंबर, रविवार. सकाळी ९.५०

गाडी जागेवर. ताठ. छाती काढून उभी आहे.

दुपारी २.३०

घडलं ते क्रमाने लिहितो. भावना बाजूला ठेवतो.

साडू आला. त्याची गाडी मी मुद्दाम उजवीकडे, अगदी खेटून लावायला लावली, म्हणजे दोन्ही वाहनांची तुलना व्हावी. बुडबुडा दारातून म्हणाला, थोडी लांब लावा. मी म्हटलं, तुम्ही तुमचं बघा. ही नवे कपडे, स्कार्फ, पायात बूट घालून खाली आली. फार छान दिसत होती. सांगायचं राहिलं. ती गाडीच्या डाव्या बाजूला दोन पावलं लांब उभी राहिली. बुडबुड्याने तिला तिथे उभं राहायला खुणावलं, ते मी पाहिलं.

मी चार शब्द बोललो. गाडीबद्दल, निष्ठेबद्दल, उंची ही मनाची असते याबद्दल. मग सीटवर थाप मारली. हलकीच. प्रेमाने.

गाडी जराशी उजवीकडे कलली, ऐकून घेतल्यासारखी. मग पडली. साडूच्या गाडीच्या दारावर. ते दार आता उघडत नाही.

कोणीही तिला ढकललं नव्हतं. बुडबुडा आठ फुटांवर होता. साडू दहा. ही दोन, पण पलीकडे. मी सगळ्यांची अंतरं मनात तीन वेळा मोजली.

साडू हसला नाही. ते जास्त लागलं. त्याने एका हाताने गाडी उचलली, भिंतीला टेकवली, आणि म्हणाला, चला, माझ्या गाडीतून जाऊ तळ्यावर, या बाजूने सरकत आत बसू. ही म्हणाली, मला गाडीतून नको. मला वाटलं, चला, निदान ही माझ्या बाजूने आहे. मग तिने स्कार्फ सोडला, घडी घातली आणि वर निघून गेली.

जेवण बाहेरून मागवलं. साडू दोनदा वाढून घेऊन जेवला.

२९ नोव्हेंबर. ऑफिस. दुपारी

साडूचा दावा आला. आमच्याच कंपनीत विमा आहे त्याचा. फाइल फिरत फिरत माझ्या टेबलावर. घटनेचे कारण या रकान्यात त्याने लिहिलं आहे : ‘शेजारी उभी असलेली मोटरसायकल आपोआप पडली.’ साक्षीदार म्हणून माझं नाव.

शिक्का हातात घेतला. शाईत बुडवला. सगळा विभाग बघत होता असं वाटलं, बघत नव्हता.

शिक्का खाली ठेवला. फाइल मंजूर केली. बावीस वर्षांतली अशी पहिली.

संध्या. ६.४०

साडूने दाराचे अकरा फोटो पाठवले. फोन म्हणतो, जागा नाही. जुन्या मोबाइलमधले व्हिडिओ परवाच या फोनवर घेतले होते. म्हणून बारा तारखेचा तो काढून टाकायला घेतला. काढण्याआधी पुढे सरकवला, फाइल नष्ट करण्याआधी एकदा चाळायची या ऑफिसच्या नियमाप्रमाणे.

सहाव्या मिनिटाला ही येते. मागोमाग बुडबुडा, हातात छिन्नी, हातोडी आणि पट्टी.

ही दोन्ही हातांनी मोटरसायकल धरते. मनगट दुखत असणार, मधूनमधून हात बदलते. बुडबुडा गुडघ्यांवर बसून ब्लॉक काढतो, रेती उकरतो, ब्लॉक बसवतो, पट्टी लावतो, पुन्हा काढतो. तीन वेळा. ही एकोणतीस मिनिटं गाडी धरून उभी आहे. मी मोजली. बुडबुडा विचारतो, साहेबांना सांगायचं का? ही म्हणते, नको काका, सांगून ऐकणाऱ्यातले नाहीत ते. उगीच कमर मोडून घेतायत. गाडी आपली आपण उभी राहिली असं वाटू दे त्यांना. आणि मला जायचंय हो तळ्यावर. फार जायचंय.

मग बुडबुडा म्हणतो, बसून बघा, वजन पेलतंय का. ही इकडेतिकडे बघते. मागच्या सीटवर बसते. पुढे कुणी नाही. तरी हात पुढे करते आणि खांदे असतात तिथे हवेत धरते. माझ्या खांद्यांच्या बरोबर उंचीवर. एक इंच वर नाही.

तिथे मेमरी भरली आहे.

संध्या. ७.१५

हिला विचारलं, घरात छिन्नी आहे का? ही म्हणाली, छिन्नी बिल्डिंगमध्ये एकाच माणसाकडे आहे.

सपाता कपाटात कुलपात होत्या, किल्ली सापडेना. अनवाणी गेलो.

३० नोव्हेंबर. सकाळी ८.१०

बुडबुड्याने, म्हणजे काकांनी, काल काही विचारलं नाही, सकाळी या म्हणाले. आज सहाला हत्यारं घेऊन बाहेरच उभे होते. आधी वाकून सिमेंटवर पट्टी ठेवली. बराच वेळ बघत राहिले. मलाही दाखवलं, बुडबुडा दोन रेघांच्या बरोबर मध्ये. म्हणाले, साहेब, काम एक नंबर केलंय. फोडायला जीव होत नाही.

मग हातोडी माझ्या हातात दिली आणि छिन्नी स्वतः धरली. ही चहा घेऊन पायरीवर बसली आहे, स्कार्फ बांधून.

दोन तासांत पाव इंच झाला. सव्वा इंच बाकी आहे. सिमेंट खरंच चांगलं होतं.